साडेसातशे रुपयांची ‘पॉवर चिप’ आणि घाटात पिकअप सोडणारी गाडी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2022 च्या उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचे आणि सातारा परिसरातील असून शेवटी ते आमच्या गॅरेजमध्ये आले. गाडीमालकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. गाडी 2016 ची, सुमारे 1.3 लिटर क्षमतेचे टर्बो डिझेल इंजिन असलेली सेडान, पिवळ्या नंबरप्लेटची. मालक स्वतःच ती चालवतात. त्यांचा धंदा दोन प्रकारचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे पर्यटक आणि बाकीच्या काळात पुणे विमानतळाच्या व रुग्णालयांच्या फेऱ्या. महिन्याला साधारण साडेतीन हजार किलोमीटर गाडी पळते. कर्ज फिटलेले असल्यामुळे डिझेल, टोल आणि देखभाल वजा जाता जे उरते तेच घरखर्चाला मिळते, आणि म्हणून गाडीचे ॲव्हरेज हा त्यांच्यासाठी रोजच्या हिशेबाचा विषय आहे.

‘पॉवर चिप’, ‘इको चिप’, ‘फ्यूल सेव्हर’ अशा नावांनी ऑनलाइन विकली जाणारी जी डबी या प्रकरणाच्या मध्यभागी आहे, ती स्टिअरिंगखाली असलेल्या 16 पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतील दोष वाचण्यासाठी दिलेल्या जोडणीत) खोचायची असते. डिझेलसाठी एका रंगाची, पेट्रोलसाठी दुसऱ्या रंगाची. ताकद 35 टक्क्यांपर्यंत वाढेल, टॉर्क 25 टक्क्यांनी वाढेल किंवा इंधनात 15 टक्के बचत होईल, असे दावे तिच्या वेष्टनावर सर्रास दिसतात. सुमारे 200 किलोमीटर चालवल्यावर ती डबी चालकाची पद्धत ‘शिकून घेते’ आणि मग परिणाम दिसू लागतो, असेही त्यावर लिहिलेले असते. किंमत काहीशे रुपयांत असल्याने फारसा विचार न करता ती घेतली जाते, आणि फुकट गेली तरी कोणी तक्रार करत बसत नाही. या डबीवर खर्च झालेले पैसे या प्रकरणात सर्वांत लहान नुकसान ठरले, म्हणूनच ते सविस्तर मांडावेसे वाटले.

समस्या

गाडीचे हायवेवरचे ॲव्हरेज पूर्वी लिटरला 19 च्या आसपास असे. 2022 च्या हंगामात टाकीमागे मिळणारा आकडा 15-16 वर आला. चढावर पिकअप कमी वाटू लागला होता आणि मागून येणाऱ्या ओळखीच्या चालकांनी काळा धूर दिसत असल्याचे एकदोनदा सांगितले होते. नेहमीच्या मिस्त्रींनी एअर फिल्टर बदलला, ऑइल बदलले, टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओतली. गाडी उभी करून रेस केली असता आवाज आणि धूर दोन्ही ठीक वाटले, त्यामुळे “दादा, गाडीला आता सहा वर्षं झाली, एवढा फरक पडायचाच,” असे सांगून त्यांनी विषय संपवला. सावध माणसालाही पटावे असे हे निदान होते. त्यात त्रुटी एकच होती. उभ्या गाडीत टर्बोवर (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्यावर) भार येत नाही, आणि दोष नेमका भाराखालीच प्रकट होणारा होता.

जूनच्या सुरुवातीला पुण्यात शिकणारा भाचा सुट्टीत घरी आला असताना त्याने ही डबी सुचवली. “मामा, साडेसातशेला आहे, नाही चालली तर परत करू,” एवढ्यावर खरेदी झाली. सूचनेप्रमाणे इग्निशन चालू करून, डबीवरील बटण काही सेकंद दाबून ती बसवण्यात आली. तिच्यावरचे दिवे लुकलुकू लागले.

समोर असलेले पर्याय

त्या वेळी मालकासमोर खरे तर चार वाटा होत्या. ही डबी घेणे. पुण्यात जाऊन ईसीयूचे, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे, रीमॅपिंग करून घेणे. इंजिनच्या सेन्सरमध्ये जोडला जाणारा ट्यूनिंग बॉक्स बसवणे. किंवा गाडीत दोष आहे असे मानून तो शोधणे. पहिल्या तीन वाटा ताकद वाढवण्याच्या आहेत आणि चौथी दोष शोधण्याची. बाजारात आणि गप्पांत या चारही गोष्टी एकाच मापाने तोलल्या जातात, म्हणून त्यांतला फरक नीट मांडणे आवश्यक आहे.

रीमॅपिंगमध्ये ईसीयूत साठवलेले तक्ते बदलले जातात: किती डिझेल, किती रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब), किती बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), टॉर्कची मर्यादा किती. त्यासाठी त्या विशिष्ट ईसीयूशी योग्य क्रमाने संवाद साधावा लागतो, सुरक्षेची कुलूप-किल्ली पद्धत पार करावी लागते, मूळ फाइल वाचून ठेवावी लागते आणि त्याच सॉफ्टवेअर आवृत्तीला जुळणारी बदललेली फाइल परत भरावी लागते. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही ही आवृत्ती वेगळी असू शकते. टर्बो डिझेलमध्ये रीमॅपिंगने ताकद खरोखर वाढते. मात्र क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्सवरचा भारही त्याच प्रमाणात वाढतो, वॉरंटी असेल तर ती धोक्यात येते आणि विमा कंपनीला बदल न कळवल्यास दाव्याच्या वेळी अडचण होऊ शकते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही. फिटनेसला जाणाऱ्या पिवळ्या प्लेटच्या गाडीने हे अधिकच गांभीर्याने घ्यायला हवे.

ट्यूनिंग बॉक्स त्याहून साधा. तो बहुधा रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो व ईसीयूला प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवतो. ईसीयू मग दाब वाढवतो आणि प्रत्येक इंजेक्शनला थोडे जास्त डिझेल जाते. युक्ती ओबडधोबड असली तरी त्यात काहीतरी घडते.

डबीच्या बाबतीत मात्र विक्रेत्याचा दावा ऐकताक्षणीच काही प्रश्न पडायला हवेत. ती सर्व कंपन्यांच्या सर्व गाड्यांना चालते म्हणतात. मग शेकडो प्रकारच्या ईसीयूंची सुरक्षा पद्धत आणि तक्त्यांची मांडणी त्या साडेसातशेच्या डबीला कशी ठाऊक? ती गाडी चालू असताना ‘शिकते’ म्हणतात; मग शिकलेले साठवायला तिच्यात जागा कुठे आहे? आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. अनेक वेष्टनांवर ‘1996 नंतरच्या सर्व गाड्यांसाठी’ असे छापलेले असते. 1996 हे वर्ष अमेरिकेचे आहे. तिथे त्या मॉडेल वर्षापासून ओबीडी-2 बंधनकारक झाले. भारतात बीएस-4 या प्रदूषण निकषाच्या गाड्यांसाठी ओबीडीचा पहिला टप्पा 2010 पासून आणि दुसरा टप्पा 2013 पासून लागू झाला. म्हणजे हा मजकूर इथल्या गाड्यांचा विचार करून लिहिलेलाच नाही, परदेशातल्या जाहिरातीवरून तो जसाच्या तसा उचलला आहे.

चौथ्या पर्यायाचा विचार त्या वेळी झालाच नाही, कारण मिस्त्रींनी गाडी तपासून झाली होती आणि दोष नाही असे ठरले होते. हा या प्रकरणातील पहिला निर्णयबिंदू. ‘दोष सापडला नाही’ आणि ‘दोष नाही’ ही दोन विधाने एकच समजली गेली, आणि तिथून पुढचा प्रत्येक रुपया ताकद वाढवण्याच्या दिशेने जाऊ लागला.

सुधारणा झाल्याचा आभास

जून महिन्यात मालकाने टाकी फुल करून मोजले तेव्हा ॲव्हरेज साडेसतराच्या जवळ आले. मे महिन्यात ते 15-16 होते. एवढ्यावर घरातील सर्वांची खात्री पटली की डबी काम करते. मालकाने आणखी दोन चालकांना ती घ्यायलाही सांगितले.

आकडे खोटे नव्हते. तुलना चुकीची होती. मे महिन्यातले किलोमीटर प्रामुख्याने वाई-पसरणी घाट-पाचगणी-महाबळेश्वर या चढाचे, चार प्रवासी, टपावर सामान, एसी चालू आणि वेण्णा लेकपासून बाजारपेठेपर्यंतच्या रांगांत सरपटण्याचे होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, पर्यटक कमी झाले आणि फेऱ्या हायवेवरच्या, एकदोन प्रवाशांच्या झाल्या. अशा बदलात कोणत्याही गाडीचे ॲव्हरेज वाढते. खरे तर हायवेवर पूर्वी 19 मिळत असताना आता साडेसतराच मिळते आहे, हीच बातमी होती. पण मागच्या वर्षीच्या जूनची वही कोणी उघडून पाहिली नाही.

त्यात मोजणीचीही मर्यादा आहे. पंपावरचा नॉझल दर वेळी एकाच पातळीला बंद होत नाही. गाडी किंचित कललेली असली किंवा नॉझल कमी-जास्त आत असला तरी एक लिटरचा फरक सहज पडतो. 37 लिटर भरताना एक लिटर म्हणजे पावणेतीन टक्के. पण अर्धी टाकी झाल्यावर 15 लिटरच भरले तर तोच एक लिटर साडेसहा टक्क्यांच्या पुढे जातो. डबीच्या दाव्यातील निम्मी बचत केवळ पंपावरच्या कटऑफमध्ये ‘सापडू’ शकते. शिवाय नवी वस्तू बसवलेला चालक पहिले काही दिवस नकळत सांभाळून ॲक्सिलरेटर देतो. ‘200 किलोमीटर शिकण्याचा’ काळ विक्रेत्याला इथेच उपयोगी पडतो: तेवढ्या अंतरात खरेदी करणाऱ्याचा पाय हलका होतो आणि तुलना करण्याची तातडीही निघून जाते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गेल्या काही दशकांत इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक उपकरणे तपासली असून लक्षणीय बचत करणारे एकही आढळले नाही, असे तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने नागरिकांना वारंवार सांगितले आहे. ही माहिती उघड आहे. तरीही ती एखाद्याच्या स्वतःच्या टाकीच्या हिशेबापुढे टिकत नाही, कारण आपल्या वहीतला आकडा नेहमीच जास्त खरा वाटतो. म्हणून तो आकडा कसा काढायचा हे चालकांना शिकवणे, मला तरी, कोणत्याही इशाऱ्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

बॅटरी उतरते आणि पुरावा पुसला जातो

जूनच्या अखेरीस मालक लोणंदपासून पंढरपूरपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर पायी वारीला गेले. गाडी बारा-तेरा दिवस दारात उभी राहिली. आषाढी झाल्यावर परत येऊन किल्ली फिरवली तर स्टार्टरने नुसता टकटक आवाज केला.

ओबीडी सॉकेटच्या 16 क्रमांकाच्या पिनेला बॅटरीचा 12 व्होल्टचा पुरवठा किल्ली काढल्यानंतरही चालू असतो. त्यामुळे तिथे लावून ठेवलेली कोणतीही वस्तू रात्रंदिवस वीज खाते. आम्ही नंतर मीटर लावून पाहिले तेव्हा ही डबी सुमारे 25 मिलिॲम्पिअर घेत होती. दिवसाला 0.6 अँपिअर-तास. गाडीची स्वतःची झोपेतली ओढ साधारण तेवढीच धरली तर बारा दिवसांत चौदा-पंधरा अँपिअर-तास जातात. नवी 60 अँपिअर-तासांची बॅटरी हे सहन करते. परंतु पाच वर्षे वापरलेली, निम्मी क्षमता उरलेली आणि आधीच पूर्ण चार्ज नसलेली बॅटरी डिझेल इंजिन फिरवण्याइतकी उरत नाही. एकट्या डबीने बॅटरी मारली असे म्हणणे अन्यायाचे होईल, मात्र झिजलेल्या बॅटरीवर तिने दुप्पट ओढ लावली.

दुसरा निर्णयबिंदू इथे आहे, आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. बॅटरीवाल्याने जुनी बॅटरी काढून नवी बसवली. बऱ्याच गाड्यांत बॅटरी सुटली की ईसीयूतील साठवलेले फॉल्ट कोड आणि त्या क्षणीची नोंद, ज्याला फ्रीज फ्रेम म्हणतात, पुसली जाते. या गाडीत बूस्ट कमी पडत असल्याची नोंद आधीपासून असणार असे मानायला जागा आहे, कारण दोष काही महिन्यांचा होता आणि नंतर तोच कोड पुन्हा आला. बॅटरी बदलण्यापूर्वी पाच मिनिटे स्कॅनर लावला असता तर हे प्रकरण जुलैच्या मध्यालाच संपले असते. पण सॉकेट रिकामे नव्हते. तिथे डबी बसलेली होती.

गंमत म्हणून नव्हे तर पद्धतीचा भाग म्हणून नोंदवावे असे आणखी एक: नव्या बॅटरीनंतर डबी ‘रीसेट’ झाली असेल अशा समजुतीने मालकाने बटण पुन्हा दाबले आणि पुन्हा 200 किलोमीटर वाट पाहिली.

रीमॅपिंगच्या उंबरठ्यावर

ऑगस्टमध्ये पुण्याहून परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्येही ओढेना. हायवेचे ॲव्हरेज 16 वर आले होते. पुण्यातील एका ट्यूनरने रीमॅपिंगचा 25 हजारांच्या पुढचा आकडा सांगितला आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. मालकाची मनाची तयारी झाली होती. पैसे देण्याआधी आमच्याकडे ते फक्त एवढेच विचारायला आले की रीमॅपिंगनंतर फिटनेसला काही अडचण येईल का.

हा तिसरा आणि सर्वांत महागात जाऊ शकणारा निर्णयबिंदू होता. पुढे सापडले तशी हवा गळत असलेल्या इंजिनात बूस्टची मागणी वाढवली तर टर्बोला तीच हवा पुरवण्यासाठी आणखी वेगाने फिरावे लागते. गाडी काही आठवडे बरी वाटली असती आणि नंतर टर्बोच बसला असता. त्यामुळे मूळ प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी गाडी भाराखाली तपासू द्या, अशी विनंती आम्ही केली.

प्रत्यक्ष तपासणी

सर्वप्रथम डबी काढली आणि त्या जागी स्कॅनर लावला. बॅटरी बदलल्याला जेमतेम महिना झाला होता, तरीही टर्बोचा बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी असल्याचा पी-0299 हा कोड प्रलंबित यादीत होता. चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता. हा कोड वाचायला महागडे यंत्र लागत नाही. मोबाईलला जोडणारा साधा ब्लूटूथ रीडरही तो दाखवतो.

त्यानंतर गाडीत चौघे बसून यवतेश्वर घाट चढलो. साताऱ्यातून कासकडे जाणारा हा चढ अशा कामाला उत्तम आहे, कारण सलग भार मिळतो आणि गॅरेज जवळ राहते. इनटेकमधला, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही 150 किलोपास्कलच्या पुढे सरकेना. या इंजिनाकडून अशा वेळी 200 च्या आसपास अपेक्षा असते. साताऱ्याच्या उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब 93-94 असतो हे लक्षात घेतले, तर टर्बोकडून येणाऱ्या वाढीतली निम्मी वाटेतच हरवत होती. काच खाली केल्यावर बॉनेटखालून फुसफुस ऐकू येत होती. पाय काढला की ती बंद होई.

गॅरेजमध्ये गाडी वर घेऊन टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज (नळी) पाहिला. वरून तो धडधाकट होता. खालच्या टोकाला, क्लॅम्पच्या अगदी काठाशी, तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ यांचा बोटभर पट्टा दिसत होता. क्लॅम्प सैल करून होज वाकवल्यावर रबर उघडले आणि आतले कापड दिसले: अडीच-तीन सेंटीमीटरची चीर, जी दाब नसताना ओठांसारखी मिटून राहत होती. उभ्या गाडीत रेस करून ती सापडणे शक्यच नव्हते.

ॲव्हरेज का घसरले, याचाही उलगडा यातून होतो. डिझेल इंजिनात इंधनाची मागणी चालकाच्या पायावरून ठरते, आणि धूर होऊ नये म्हणून तिच्यावरची मर्यादा आत येणारी हवा मोजून ठरवली जाते. ही मोजणी टर्बोच्या अलीकडे होते. मोजलेली हवा पुढे चिरेतून बाहेर गेली तरी ईसीयूच्या लेखी ती सिलिंडरमध्ये पोचलेली असते. मग डिझेल त्या हिशेबाने जाते, ते पुरते जळत नाही, काळा धूर निघतो आणि ओढ कमी पडते म्हणून चालक पाय आणखी दाबतो.

इथे मिस्त्रींचा सल्ला होता की हात घातलाच आहे तर ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करू, बूस्ट सेन्सरही नवा टाकू आणि टायरमधली हवाही भरून घेऊ. सल्ला चुकीचा नव्हता, पण सर्व गोष्टी एकाच दिवशी केल्या असत्या तर फरक कशाने पडला हे कधीच कळले नसते, आणि डबीच्या बाबतीत जे झाले तेच पुन्हा झाले असते. म्हणून आधी फक्त होज आणि दोन्ही क्लॅम्प बदलायचे, एक पूर्ण टाकी हायवेवर चालवायची आणि मगच बाकीचे पाहायचे, असे ठरवले.

डबीच्या आत

मालकाचा भाचा तेव्हा उपस्थित होता आणि डबी खरोखरच काही करत नाही हे त्याला पाहायचे होते. त्याची मागणी रास्त होती. सॉकेटला दोन तोंडांची वायर लावून एका तोंडाला लॅपटॉप आणि दुसऱ्याला डबी जोडली. डबी नसताना आणि असताना, आयडलला आणि 2,000 आरपीएमला रेल प्रेशर, हवेचे मोजमाप आणि इंजेक्शनचे आकडे पाहिले. फरक नव्हता. गाडीच्या कॅन बसवर, म्हणजे गाडीतील संगणक ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यावर, डबीने एकही नवा संदेश टाकला नाही. नुसते ऐकणे पुरेसे असते, असा युक्तिवाद कोणी करू शकेल. पण जो बोलतच नाही तो ईसीयूला काही बदलायला सांगू शकत नाही.

मग डबी उघडली. 16 पिना दिसत होत्या, मात्र सर्किटपर्यंत खऱ्या अर्थाने पोचलेल्या फक्त पुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या होत्या. कॅनच्या 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांपासून चिपपर्यंत मल्टीमीटरने सलगता मिळाली नाही. कॅनवर बोलण्यासाठी जो ट्रान्सीव्हर लागतो तो बोर्डवर नव्हताच. होते ते एक छोटे आठ पायांचे आयसी, काही रेझिस्टर, एक बटण आणि तीन दिवे. दिवे लुकलुकवणे हेच त्या आयसीचे काम. फ्रान्समधील सुरक्षा संशोधकांनी अशाच एका प्रसिद्ध डबीची चिप उघडून तपासली होती, आणि ती गाडीशी काही बोलत नाही, केवळ दिवे चालवते, हाच निष्कर्ष काढला होता. बाजारातल्या प्रत्येक डबीच्या आत हेच असेल असे एका तपासणीवरून म्हणता येणार नाही. मात्र या किमतीत, सर्व गाड्यांना चालणारी आणि ईसीयूचे तक्ते खरोखर बदलणारी वस्तू असणे तांत्रिकदृष्ट्या संभवत नाही, आणि ती तशी असती तर अधिक घातक ठरली असती.

परिणाम

होज बदलल्यानंतर त्याच घाटात दाब 200 च्या जवळ गेला आणि फुसफुस थांबली. पुढची पूर्ण टाकी पुण्याच्या फेऱ्यांत संपली तेव्हा ॲव्हरेज 19 ला टेकले. त्यानंतर टायरमधली हवा पाहिली; मागचा डावा टायर बराच उतरलेला होता. ईजीआर साफ केला, सेन्सर तसाच ठेवला. या दोन गोष्टींमुळे वहीत लक्षात येण्याजोगा वेगळा फरक दिसला नाही. रीमॅपिंगचा विचार मालकाने सोडून दिला.

खर्चाचा हिशेब मांडला तर डबी साडेसातशेची, होज आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत. खरा खर्च मधल्या काळात झाला. साडेतीन हजार किलोमीटरला 19 च्या हिशेबाने 184 लिटर डिझेल लागते आणि 16 च्या हिशेबाने 219 लिटर. म्हणजे महिन्याला 35 लिटर जादा, आणि त्या वेळच्या साधारण 94 रुपयांच्या दराने सुमारे 3,300 रुपये. डबी बसवल्यापासून होज बदलेपर्यंतचा काळ पाहता, जून आणि वारीच्या दिवसांत वाया गेलेले डिझेल कमी होते असे धरूनही, पाच-सहा हजार रुपये निघून गेले होते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी एप्रिल-मेमध्येच होती. पिकअप चढावर कमी होतो ही तक्रार असेल तर तपासणीही चढावरच व्हायला हवी. उभ्या गाडीच्या रेसवरून दिलेला निर्वाळा मालकाने स्वीकारायला नको होता आणि मिस्त्रींनी द्यायला नको होता. आमच्या भागातील कित्येक चांगले मिस्त्री कानाने आणि हाताने गाडी ओळखतात, आणि ते कौशल्य मोलाचे आहे. परंतु कॉमन रेल टर्बो डिझेलमध्ये भाराखालचे आकडे पाहिल्याशिवाय ते अपुरे पडते. आठशे-हजाराचा रीडर आणि मोबाईल एवढ्यावर इनटेकचा दाब दिसतो. अर्थात तो रीडरही काम झाल्यावर सॉकेटमधून काढून ठेवायचा. तो बॅटरी खातोच, शिवाय स्वस्त रीडरचा ब्लूटूथ पासवर्ड बहुतेक वेळा 1234 किंवा 0000 असतो आणि शेजारी उभ्या असलेल्या कोणालाही त्याला जोडता येते.

डबी घेण्याचा निर्णय घेतलाच होता, तर ती तपासण्याची योग्य रीत होती. मे विरुद्ध जून अशी तुलना न करता, एकाच मार्गावर, त्याच पंपाच्या त्याच नॉझलवर, पूर्ण टाकीच्या अंतराने, डबी लावून आणि काढून आलटून-पालटून मोजणे. शक्य झाले तर डबी आहे की नाही हे चालकाला न सांगता. भाच्याने हे पुढे त्याच्या मित्राच्या पेट्रोल गाडीवर करून पाहिले आणि आकडे वर-खाली होत राहिले. ज्या टाकीला डबी नव्हती ती एकदा पुढेही गेली.

बॅटरी बदलण्यापूर्वी फॉल्ट कोड वाचून लिहून ठेवण्याची सवय बॅटरीच्या दुकानांना आणि रस्त्यावर मदत करणाऱ्यांना लावता येईल का, हा प्रश्न मला या प्रकरणानंतर अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याला वेळ फार लागत नाही. अडचण अशी की पार उतरलेल्या बॅटरीवर ईसीयू जागाच होत नाही. अशा वेळी बाहेरून पुरवठा जोडून, जुनी बॅटरी न काढता आधी स्कॅन करावा लागतो, आणि गिऱ्हाईक घाईत असताना हे करण्याची तयारी थोड्यांचीच असते. आम्ही आमच्याकडे येणाऱ्या टर्बो डिझेल गाड्यांच्या जॉब कार्डवर आता दोन रकाने वाढवले आहेत: काम सुरू करण्यापूर्वीचे कोड आणि चढावरचा कमाल इनटेक दाब. सॉकेटमध्ये काही खोचलेले आढळले तर ते काढून मालकाच्या हातात दिले जाते आणि त्याची नोंद त्याच कार्डवर केली जाते.